डोंगरावरचा सखाराम

दादा,

तुझ्या मरणाची आम्हाला सवय असायला हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे एका अंगाला कोकण उतरतं आणि दुसऱ्या अंगाला घाट सुरू होतो, तिथे लढाईत पडलेल्या शिपायांचा खांब आहे आणि त्यावर तुझं नाव कोरलेलं आहे. ते तू स्वतः बोट फिरवून वाचलंस. 'अक्षर बरां आसा,' म्हणालास, आणि त्याच खांबाच्या सावलीत बसून भाकरी आणि जवळ्याची चटणी खाल्लीस. एवढं सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या बहिणीला, तू परळच्या इस्पितळात खरोखरच गेलास तेव्हा, निदान हातपाय हलवता यायला हवे होते. मी भिंतीला टेकून खालीच बसले. वहिनीनेच मला उठवलं.

तुला न ओळखणाऱ्या कोणी हे वाचलं तर बाई भ्रमिष्ट झाली असं वाटायचं, म्हणून आधीपासून सांगते. तू मध्येच 'पुरे गे बाय' म्हणणार नाहीस, याचाच आता त्रास होतो.

लालबागच्या खोलीत आपण तिघं भावंडं. तू थोरला, गिरणीत साचेखात्यात, कापडाच्या मागांवर. मधला यशवंत, त्याला सगळी चाळ बाळा म्हणायची. मी शेंडेफळ, आणि तुम्हा दोघांच्या मते डोक्यावर चढवलेलं. वडील लवकर गेले. आई गाववाल्या गड्यांची खानावळ चालवायची. तुला हिवतापाने गाठलं की बाळा तुझ्या जागी साच्यावर उभा राहायचा, तोही तुझ्याच नावावर. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, आपल्या गावचा होता. त्याने हजेरीला 'सखाराम' म्हटलं की बाळा ओ द्यायचा आणि जॉबर मान खाली घालून पुढचं नाव घ्यायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. आपल्याकडे नाव हे दारामागच्या छत्रीसारखं होतं, बाहेर पडणाऱ्याने उचलावं आणि आल्यावर परत टांगावं.

मग लढाई आली. भरतीला अठरा पूर्ण लागत, बाळाला सोळावं होतं. त्याने ट्रंकेतला तुझा शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि सखाराम होऊन पलटणीत गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा अंगात खाकी, पायात बूट, आणि चेहरा असा की जणू बूट त्यानेच शोधून काढलेत. 'दादा, तुझ्या बदलीर जातंय,' म्हणून हसला. तू त्याच्या पाठीत धपाटा घातलास. आई रडली ती तो चालला म्हणून. नावाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, कारण आल्यावर ते परत मिळणारच होतं. तो परतलाच नाही तर काय, हा विचार आपल्या खोलीतल्या एकाही डोक्यात आला नाही.

तार आली तेव्हा दारात तूच होतास. सही करून तूच घेतलीस. इंग्रजी तेवढं मला येत होतं, तेही मोडकंतोडकं, म्हणून ती माझ्या हातात दिलीस आणि मी वाचलं की ब्रह्मदेशच्या आघाडीवर शिपाई सखाराम कामास आला. आई चुलीपाशी होती. तिने मान वर करून तुझ्याकडे पाहिलं आणि ती चक्क हसली. 'ह्यो तर हय आसा! तार खोटी.' तुझ्या तोंडाकडे मला बघवेना. तुला कळलं होतं, मला कळलं होतं, आणि आई तुझ्या दंडाला हात लावून तू आहेस याची खात्री करून घेत होती.

तिला पुढे किती समजावलं. ऐकताना ती मान हलवायची आणि शेवटी म्हणायची, 'नाव चुकलां, म्हंजे माणूस पण चुकलो.' मेला तो सखाराम, यशवंत मेल्याचं कोणी कळवलेलं नाही, असा तिचा साधा हिशेब. जिन्यात बुटांचा आवाज आला की ती ताटावरून उठायची. तशीच वाट बघत गेली. दादा, तुझ्याशी मी त्या नावावरून इतकी वर्षं भांडले त्याचं कारण हे होतं, आणि ते तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू मला कधी गप्प बस म्हणाला नाहीस.

डोंगरावरच्या खांबाची बातमी आली ती फाउंटनला गोळ्या चालल्या त्या हिवाळ्यात. घाटावरच्या, बाळाच्याच पलटणीतल्या एका पेन्शनर सुभेदारांनी आसपासच्या गावचे जुने शिपाई जमवून, स्वतः दगड वाहून तो उभा केला होता. पडलेल्यांच्या घरच्यांनी मार्गशीर्षात यावं, असा निरोप आपल्या ग्रामस्थ मंडळात पोचला. तू तेव्हा दिवसभर साच्यावर आणि संध्याकाळी मोर्च्यात. रजा मागताना भावाच्या कामाला जातो म्हणालास, आणि मला म्हणालास, 'बाय, तूय चल. लिवलेला वाचूक कोणतरी व्हया.' वाचता तुलाही येत होतं. तुला एकट्याने जायचं नव्हतं, एवढं सरळ सांगितलं असतंस तर काय बिघडत होतं?

भाऊच्या धक्क्यावरून बोट, बोटीत माझी दशा, मग एस.टी., मग चढण. माझ्या ओकाऱ्यांवर तू चार गोष्टी रचल्यास आणि त्या चाळीत वर्षभर सांगितल्यास. चढणीवर मात्र माझी पाळी होती. कापसाच्या तुसाने तुझी छाती तेव्हाच धरायला लागली होती. प्रत्येक वळणावर तू थांबायचास, आणि थांबल्याची लाज वाटू नये म्हणून देखाव्याचं कौतुक करायचास. एका वळणावर तर समोर नुसता कातळ होता. त्याचंही केलंस.

त्या चढणीवरच आपलं त्या प्रवासातलं पहिलं भांडण झालं. माझ्या डोक्यात फाउंटन होतं. मी म्हटलं, आपल्या भाषेच्या राज्यासाठी पोरं रस्त्यावर मेली, त्यांचा खांब कधी होणार कोण जाणे, आणि आपण चाललोय इंग्रजांच्या लढाईत मेलेल्यांना फुलं वाहायला. शब्द तोंडातून गेल्यावर मला वाटलं आता तू चिडशील. तू फक्त श्वास परत मिळेपर्यंत थांबलास.

'तो खयचो इंग्रजांसाठी गेलो,' म्हणालास. 'तेका बूट व्हये होते.'

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुढे निघाले.

वर वारा असा की पदर सांभाळावा की डोळे. चिऱ्याचा उभा खांब, पुढच्या अंगाला काळ्या दगडाची पाटी, आणि पाटीवर दोन्ही अंगांच्या गावांतली नावं, कोकणातली आणि घाटावरची, एकाखाली एक. धोतर नेसलेले, छातीला बिल्ले लावलेले जुने शिपाई रांगेत उभे होते. त्यांचा रिवाज आपल्याला तिथे कळला. सुभेदार एकेक नाव पुकारत आणि त्या घरचं जे माणूस आलेलं असेल, आई असो, भाऊ असो, ते म्हणे 'हजर'. ज्यांच्या घरचं कोणी नसे त्यांच्यासाठी रांगेतला एखादा शिपाई 'हजर' म्हणे. एकही नाव ओ न येता सोडायचं नाही, असा त्यांचा नियम.

'शिपाई सखाराम!'

मी तुझ्याकडे पाहिलं. रांगेतला एक जण तोंड उघडणार तेवढ्यात तू ओरडलास, 'हजर!' गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात ओरडायची तुझी सवय, त्यामुळे सगळा डोंगर दचकला. आयुष्यभर तू त्या नावाला ओ देत आलास, पण त्या दिवशीची ओ तुझी नव्हती.

हजेरी संपल्यावर सुभेदार जवळ आले. 'सखारामाचं तुमी कोण?'

'मीच सखाराम,' म्हणालास. जवळची माणसं हसावं की काय करावं अशा चेहऱ्याने बघायला लागली. मग तू सगळं सांगितलंस. त्या शिपायांतला एक जण, एका हाताची बोटं तुटलेला, पुढे होऊन तुझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागला आणि म्हणाला, 'म्हंजी साच्यावर काम करतोय त्यो सखाराम तुमी? लगीन झालेला?'

आणि मग काय काय निघालं, दादा! बाळाने तिथे नुसतं तुझं नाव लावलं नव्हतं. तो तूच होऊन बसला होता. आपण साचे चालवतो, जॉबरसुद्धा आपल्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आपली बायको कडक आहे पण तिच्या हातचं तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण खाल्लं की माणूस सगळं विसरतो. मिसरूड न फुटलेला पोरगा, रोज संध्याकाळी पलटणीला संसाराच्या गोष्टी सांगायचा. 'आमी हसायचो,' सुभेदार म्हणाले, 'तुला कुठली रं बायकू? तर आईची शप्पत घ्यायचा. तंबाकू खाऊन घेरी यायची, तरी खायचा. म्हनायचा, सखाराम खातोय तर खाल्ली पायजे.'

तू हसायला लागलास आणि हसता हसताच खांबाकडे तोंड फिरवलंस. तुझे खांदे हलताना मी पाहिले. त्यापूर्वी तुला रडताना पाहिलं नव्हतं. तारेच्या दिवशीही नाही, आई गेली तेव्हाही नाही. मी जवळ आले नाही, कारण मी आले असते तर तू लगेच थांबला असतास.

घरी आल्यावर वहिनीला ही बायकोची गोष्ट सांगितली. ती आधी म्हणाली, 'मेल्यान माका न इचारता पलटणीत नेल्यान!' आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने जीभ चावली. पुढच्या रविवारी तिने तिसऱ्या आणल्या. कालवणाची पहिली वाटी तिने बाजूला काढून ठेवली. कोणासाठी ते तूही विचारलं नाहीस, मीही नाही.

परतीच्या बोटीत मी विषय काढलाच होता. सुभेदारांना सांगून पाटीवरचं नाव बदलून घे. तो यशवंत होता, आईने त्याला यशवंत म्हणून पाळण्यात घातलं, जगात एका जागी तरी तो यशवंत म्हणून असू दे. तू पाण्याकडे बघत म्हणालास,

'बाय, त्या लोकांका यशवंत कोण तां ठावक नाय. ते दर वर्सा चढान येतले आणि सखारामाक शोधतले. तो गावलो नाय तर?'

मी म्हटलं, आणि आई मरेपर्यंत कोणाला शोधत होती? तिथून सुरू झालेलं भांडण तू जाईपर्यंत चाललं.

पण मधे तू मला एकदा पार हादरवलंस. संक्रांतीनंतर मुंबई पेटली, गिरणगावात धरपकड झाली आणि तू मोर्च्यातून परतला नाहीस. वहिनी आणि मी दोन दिवस वणवण केली. परळची पोलीस चौकी झाली, भायखळ्याची झाली, कुठेही सखाराम नाही. इस्पितळांतून जाऊन आलो. वहिनी माझा हात इतका घट्ट धरून चालत होती की मनगट काळंनिळं झालं. शेवटी तुरुंगाच्या दाराशी सुटून येणारा एक गाववाला भेटला. म्हणाला, 'सखाराम नाय, पण तुमचो यशवंत आत आसा. बरो आसा. भजनां म्हणता.'

वहिनीने माझं मनगट सोडलं. आईची मला त्या क्षणी इतकी आठवण झाली! यशवंत आत आहे हे ऐकून ती तशीच आत धावली असती.

भेटीला आत सोडलं तेव्हा मी तुला जाळीतूनच फाडून खाल्लं. दाढी वाढलेली, डोळे हसरे, आणि वर तोंड करून सांगतोयस, 'नाव इचारल्यानी. सांगलंय यशवंत.' का म्हणून? तर म्हणे, 'बारा वर्सां तेका कोणी हाक मारूक नाय. हय रोज दोन वेळा मारतत. मी ओ देतंय.'

मी म्हटलं, मग तुलाही तेच हवंय ना? त्याच्या नावाने हाक यावी असं तुलाही वाटतं. मग डोंगरावर का नको? तू जाळीला कपाळ लावलंस. 'डोंगरार नको गे. थंय तेचे दोस्त आसत.'

वहिनी मध्येच म्हणाली की दोघांनी घरी येऊन भांडा, आधी ह्यांना बाहेर काढायचं बघू. तेवढ्यापुरतं आपण थांबलो.

रविवारी मी सासरहून, गिरगावातून यायची, नवरा आणि पोरं मागे, आणि जिन्यातच तुझा आवाज यायचा, 'इली, वकीलीणबाय इली.' जेवण होऊन तू पानाचा डबा उघडलास की मी विषय काढायची. तुझा सगळ्यात जोरदार मुद्दा तू फार उशिरा शोधून काढलास, गेल्या वर्षी. म्हणालास, 'मी जित्तो आसासर काय अडचण? जो माका बघता तेका कळता, सखाराम हय पान खातासा, म्हंजे दगडार तो बाळा.' बोलण्यात तू मला कधी हरवलं नव्हतंस, त्या दिवशी हरवलंस. मी रागाने तुझं पान खाल्लं आणि मला ठसका लागला.

इस्पितळात तुला बोलायला त्रास होत होता. डॉक्टरांनी बोलू नका सांगितलं होतं, आणि मी बहीण नावाची कैदाशीण, तरी विचारलंच. म्हटलं, दादा, आता तरी नाव लिहून घेऊया का त्याचं? तू माझ्याकडे बघितलंस. 'बघूया,' म्हणालास. बस. दादा, तुझं बघूया म्हणजे हो की नाही, हे मला उभ्या जन्मात कळलं नाही. लहानपणी चिक्की मागितली तरी बघूया, लग्नाचं स्थळ आलं तरी बघूया. चिक्की मिळाली, स्थळ मोडलं. आता याचं काय समजायचं?

आणखी चार दिवस थांबला असतास तर महाराष्ट्र झालेला पाहिला असतास. आपल्या घरात सुतक. मंडळाची पोरं दाराशी येऊन घुटमळत होती, तुमच्या मजल्यावर कंदील लावावेत की नकोत. आत न येता आपसांतच कुजबुजत होती. वहिनी आतून म्हणाली, 'लावा. तेंचां काम होतां तां.' म्हणून लावले. सगळी चाळ उजळली होती, खाली ढोल-ताशे, आणि मी गॅलरीत उभी राहून तुला मनातल्या मनात शिव्या घालत होते. इतका लढलास, लाठ्या खाल्ल्यास, आणि ऐन वेळी पाठ दाखवलीस. पण हेही सांगते, तुझ्यासारखा भाऊ मिळाला म्हणून मला जन्मभर कोणाशीही न घाबरता भांडता आलं. नवऱ्याशी, शाळेतल्या हेडमास्तरांशी, सरकारशी. माणूस भांडूनही आपलाच राहतो हे मी तुझ्याकडे शिकले. तू असताना हे बोलायला माझी जीभ रेटली नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुभेदार आले. एवढा प्रवास करून, काठी टेकत, जिने चढून. वहिनीने पाट दिला. मग म्हणाले, 'ताई, नावाचं काय करायचं त्ये आता तुमीच सांगा. दादास्नी दर वर्साला इचारलं. बघूया म्हनायचं.' म्हणजे त्यांनाही तेच! मला हसू आलं आणि त्याचं रडूच झालं. वहिनीने पाणी दिलं.

मी रात्रंदिवस तोच विचार करत होते, दादा. तुझा तो जोरदार मुद्दा तू स्वतःबरोबर घेऊन गेलास. पान खाणारा सखाराम आता नाही. आजवर पाटी वाचणाऱ्याला तुझ्याकडे बोट दाखवून सांगता येत होतं की दगडावरचा तो दुसरा. आता कोणाकडे बोट दाखवू? आजपासून तो दगड सरळसरळ तुझा झाला, आणि बाळाचं जे काही होतं तेही गेलं. आणि तरीही, तुझं नाव खोडा असं सांगायला गेले तर तो बोटं तुटलेला माणूस डोळ्यांपुढे आला. दरवर्षी चढून येणारा, पाटीवर सखाराम शोधणारा. तुझंही बरोबर होतं, हे कबूल करायला मला तू गेल्यावरची वेळ मिळाली.

मी सुभेदारांना म्हटलं, 'सखाराम खोडू नका. त्याच्या खालीच यशवंत कोरा.'

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. अडचण त्यांना दिसली होती आणि मला दुखवायचंही नव्हतं. 'कोरतो की. पर ताई, मानूस योक आन् नावं दोन. म्होरं वाचनाऱ्याला वाटंल, ह्या घरातलं दोघं भाऊ गेलं.'

वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, 'मग त्याला बरोबरच वाटेल.'